गुडघ्याची गादी फाटली: दुर्बिणीचं ऑपरेशन की व्यायाम?

पन्नाशीच्या आसपास गुडघा दुखू लागतो, एमआरआय होतो, रिपोर्टमध्ये 'मेनिस्कस टिअर', म्हणजे गुडघ्याच्या सांध्यातली गादी फाटल्याचं दिसतं आणि घरात चर्चा सुरू होते ती ऑपरेशनच्या तारखेचीच. तारीख घेण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांचे गुडघे एमआरआयने तपासले, तेव्हा साधारण ३५ टक्के लोकांची गादी फाटलेली निघाली. त्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्याभरात काहीच दुखलं नव्हतं. वयाबरोबर गादी झिजते, चिरते. रिपोर्टवर दिसणारी चीर हेच दुखण्याचं कारण असेल, असं गृहीत धरता येत नाही.

ऑपरेशनचं आकर्षण समजण्यासारखं आहे. दोन लहान छेद, बहुतेकदा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी, आणि 'बिघडलेला भाग काढून टाकला' हे समाधान. पण झिजून फाटलेली गादी सहसा शिवत नाहीत, तिचा फाटका तुकडा कापून काढतात. तो परत येत नाही, आणि त्याने पेललेला भार पुढे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर, म्हणजे कूर्चेवर पडतो.

यातला फायदा नेमका किती, हे फिनलंडच्या डॉक्टरांनी फार हिमतीने तपासलं. ३५ ते ६५ वयाचे, संधिवात नसलेले १४६ रुग्ण घेतले. सगळ्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घातली, पण निम्म्यांची गादी कापली आणि उरलेल्यांच्या बाबतीत फक्त कापल्यासारखं केलं. आपल्यावर काय झालं, हे रुग्णांना कळू दिलं नाही. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या वेदनेत फरक नव्हता. २०१३ साली हे छापून आलं. पाच वर्षांनंतरही फायदा दिसला नाही, उलट गादी कापलेल्यांच्या एक्स-रेमध्ये झीज किंचित जास्तच होती.

आता व्यायाम. नॉर्वेत १४० जणांपैकी निम्म्यांना १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा व्यायाम दिला, निम्म्यांचं ऑपरेशन केलं. दोन वर्षांनी दोघांची परिस्थिती सारखीच होती. २०१७ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने अशा झिजेच्या गुडघ्यांवर दुर्बिणीचं ऑपरेशन करू नये, अशी ठाम शिफारस केली.

पण व्यायाम म्हणजे काय, हे नीट बघा. झोपून शेक घ्यायचा, मशीन लावून घ्यायची आणि घरी यायचं, याला मी व्यायाम म्हणणार नाही. मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू ताकदवान व्हायला हवेत: खुर्चीतून उठबस, पायरी चढणं-उतरणं, पाय सरळ उचलणं, सायकल, आणि हळूहळू वाढवलेलं वजन. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा दुखणं वाढलेलं राहिलं, तर मात्रा कमी करायची. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फरक न दिसल्याने लोक सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं. किमान तीन महिने द्यायलाच हवेत. तोवर मांडी घालणं, उकिडवं बसणं टाळलं तर गुडघ्याला उसंत मिळते.

व्यायाम सगळ्यांना पुरत नाही, हेही खरं. नेदरलँड्सच्या ३२१ जणांच्या अभ्यासात फिजिओथेरपीच्या गटातल्या २९ टक्के लोकांनी दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतलंच. पण बाकीच्यांचं टळलं. शिवाय अमेरिकेतल्या अशाच एका अभ्यासात आधी व्यायाम करून मग ऑपरेशनकडे वळलेले लोक वर्षअखेर इतरांइतकेच सुधारलेले होते. थांबल्याने संधी हुकत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी व्यायाम.

काही गुडघे मात्र या हिशेबात बसत नाहीत. गुडघा अडकून सरळच होत नसेल, खेळताना किंवा अपघातात तरुण माणसाची गादी फाटली असेल, किंवा गादी हाडाला जिथे जोडलेली असते तिथूनच सुटली असेल, तर तीन महिने वाट बघू नका. ऑर्थोपेडिक सर्जनला लगेच दाखवा. अशा वेळी गादी शिवून वाचवता येण्याची शक्यता असते, आणि उशीर झाला तर ती कमी होत जाते.