साडेआठ हजारांचं ‘सिरॅमिक कोटिंग’: सोसायटीत येणाऱ्या डिटेलिंगवाल्यांपासून सावध राहा

तीन-चार तासांत, तुमच्याच पार्किंगमध्ये, आठ-दहा हजारांत ‘सिरॅमिक कोटिंग’ (गाडीच्या रंगावर कडक होऊन बसणारा संरक्षक थर) करून देतो असं कोणी सांगत असेल, तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. पुढचं सगळं वाचायला वेळ नसला तरी एवढं लक्षात ठेवा. माझे ८,५०० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे बोनेटच्या एका कडेवर रंगाला सांभाळणारा मूळ पारदर्शक थर घासून गेला, आणि तो आता कुठल्याही पॉलिशने परत येणार नाही. आमच्याच सोसायटीत आणखी काही जणांच्या गाड्यांचं असंच झालंय. ही मंडळी एका सोसायटीत थांबत नाहीत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही पिंपरी-चिंचवडमधल्या पिंपळे सौदागरला राहतो. आजूबाजूला सतत बांधकामं चालू, त्यामुळे गाडीवर रोज सिमेंटची बारीक धूळ. उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी, त्याचे थेंब वाळले की पांढरे डाग. माझी गाडी गडद निळी, म्हणजे तिच्यावर काहीच लपत नाही. पूर्वी ती पुसायला महिन्याच्या पैशांवर एक माणूस होता. एका बादलीत दहा-बारा गाड्या, तेच फडकं, तेच पाणी. पहाटेच्या घाईत धूळ बऱ्याचदा कोरडीच पुसली जायची. वाळूचे कण फडक्याखाली घासले गेले की रंगावर बारीक ओरखडे पडतात. सावलीत ते दिसत नाहीत, पण उन्हात किंवा पार्किंगच्या दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चमकतात. डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणारे, त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. पुढे मी गाडी स्वतः धुवायला लागले, तरी आधी पडलेले ओरखडे तसेच होते. पुढे सोसायटीत स्टॉल लावलेल्या माणसाने बरोबर तिथेच बोट ठेवलं.

दसऱ्याला गाडीची पूजा असते, त्यामुळे आदल्या आठवड्यात सगळेच गाड्या चकाचक करायच्या मागे असतात. त्याच रविवारी गेटजवळ टेबल, बॅनर, परदेशी कंपनीच्या नावाच्या बाटल्या आणि टी-शर्ट घातलेली तीन-चार मुलं आली. कमिटीने परवानगी दिली आहे म्हणजे चौकशी झालीच असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. प्रत्यक्षात कमिटीने फक्त स्टॉलचं भाडं घेतलं होतं. ना दुकानाचा पत्ता विचारला होता, ना कोणाच्या आधारकार्डाची प्रत ठेवली होती. इतर सोसायट्यांच्या कमिट्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की निदान एवढं तरी कराच. लोक तुमच्या परवानगीवर विश्वास ठेवतात.

“मॅडम, रंग खराब नाही झालेला, वर नुसतं जाळं धरलंय,” स्टॉलवरचा माणूस म्हणाला. “कोटिंग केलं की तीन वर्षं बघायला नको. बाहेर पंचवीस हजार घेतात, सोसायटी ऑफरमध्ये साडेआठ.” वर होलोग्रामवालं वॉरंटी कार्ड. मग त्याने बोनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली, एका बाजूला मशीनने काहीतरी घासलं, वर फवारा मारून पुसलं आणि बाटलीतून पाणी ओतलं. एका बाजूला पाणी पसरून बसलं, दुसऱ्या बाजूने मोत्यांसारखं घरंगळत गेलं. ओरखडेही दिसेनात. शेजारच्या काकांनी तिथल्या तिथे गाडी नोंदवली, मीही नोंदवली.

हा खेळ कसा चालतो ते नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथेच होते. ग्लेझ नावाचं एक पॉलिश मिळतं. त्यातलं तेल आणि भराव ओरखड्यांमध्ये जाऊन बसतात, त्यामुळे उजेड सरळ परत येतो आणि ओरखडा दिसत नाही. ओरखडा गेलेला नसतो, बुजवलेला असतो. चार वेळा शाम्पूने धुतलं की भराव निघून जातो. आणि पाण्याचे मोती? ते साधं मेण लावलं तरी होतात, सिलिकॉनचा फवारा मारला तरी होतात. पाणी घरंगळलं म्हणजे सिरॅमिक कोटिंग आहे, हे अजिबात सिद्ध होत नाही. काही जण तर बोनेटवर लायटरचं तेल ओतून पेटवून दाखवतात. वरची वाफ क्षणभर जळते, तेवढ्याने साध्या रंगालाही काही होत नाही. तुम्ही घरी करून बघू नका, पण असलं काही बघून भुलूही नका.

खरं सिरॅमिक कोटिंग ही खोटी गोष्ट नाही, हेही सांगायला हवं. ते मुख्यतः सिलिकापासून बनलेलं द्रव असतं आणि रंगावर घट्ट धरून कडक होतं. पण त्याआधीचं काम फार मोठं असतं. गाडी नीट धुवायची, ब्रेकमधून उडून रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवायचे, क्ले बारने (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने) पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, मग मशीनने पॉलिश करून ओरखडे खरोखर काढायचे, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॉलिशचं तेल पुसून टाकायचं, आणि त्यानंतर कोटिंग. ते छोट्या काचेच्या बाटलीत येतं, साधारण ३० किंवा ५० मिलीच्या, आणि एका गाडीला तेवढंच पुरतं. स्पंजच्या ठोकळ्याला मऊ कापड गुंडाळून थोड्या थोड्या भागावर लावायचं आणि वेळेत मायक्रोफायबरने सारखं करायचं. हे सगळं बंद जागेत, धूळ आणि ऊन टाळून. लावल्यावर निदान रात्रभर पाणी लागू द्यायचं नाही, आणि पहिला आठवडाभर शाम्पू नाही. सगळं मिळून दोन-तीन दिवस गाडी दुकानात राहते. आमच्या भागात मी नंतर भाव काढले, तेव्हा चांगल्या कामाला कोणीही वीस हजारांच्या खाली बोललं नाही.

माझ्या गाडीवर काय झालं? उघड्या पार्किंगमध्ये, अर्धी गाडी उन्हात, दुपारच्या जेवणाआधी काम सुरू आणि चहापर्यंत संपलं. ‘कोटिंग’ होतं लिटरभराच्या फवाऱ्याच्या बाटलीत, दुधासारखं पांढरं. टेबलावरच्या त्या देखण्या काचेच्या बाटल्या टेबलावरच राहिल्या. एका मुलाच्या हातातलं फडकं खाली मातीत पडलं. त्याने ते झटकलं आणि दरवाजावर फिरवत राहिला. मी टोकलं तेव्हा “मॅडम, वर केमिकल आहे, काही होत नाही” असं उत्तर मिळालं. मशीनही एकाच जागी गोल फिरणारं, लोकरीचं पॅड लावलेलं. हे मशीन सरावलेल्या हाताचं आहे. नवख्याने ते बोनेटच्या धारेवर जरा जास्त वेळ धरलं की थर तापून उडतो. त्याच संध्याकाळी गाडी कोरडी करून हातात दिली आणि “उद्या धुतली तरी चालेल” असंही सांगितलं. खरं कोटिंग लावणारा माणूस हे कधीच सांगणार नाही.

पैसे घेताना क्यूआर कोड आला तो दुकानाच्या नावाचा नव्हता, एका व्यक्तीच्या नावाचा होता. “अकाउंटवाल्या भावाचा आहे,” म्हणे. बिल छापील, त्यावर जीएसटी क्रमांकही छापलेला. जीएसटी क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. बिलावरचा मोजला तर १४ च भरला. सरकारच्या जीएसटी पोर्टलवर कोणताही क्रमांक टाकला की व्यवसायाचं नोंदलेलं नाव आणि स्थिती दिसते. त्यासाठी लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. स्टॉलपाशी उभं राहून मोबाइलवर हे करता येतं. समोरच्याला राग आला तर येऊ द्या.

दसरा झाला, झेंडूचा हार उतरला. त्यानंतर काही धुण्यांतच पाणी बोनेटवर पसरून बसायला लागलं आणि पार्किंगच्या दिव्याखाली तेच जाळं पुन्हा दिसलं. आरशाच्या काळ्या प्लॅस्टिकवर आणि नंबरप्लेटच्या फटीत वाळलेल्या पॉलिशचे पांढरे डाग होतेच. मी आधी कार्डावरच्या नंबरवर फोन केला. पहिल्यांदा “माणूस पाठवतो”, मग “साइटवर आहे”, मग फोन बंद. शेजारच्या काकांना वेगळंच उत्तर मिळालं, की तुम्ही चुकीचा शाम्पू वापरला म्हणून वॉरंटी संपली. कुठला शाम्पू वापरायचा हे कार्डावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मग वाकडमधल्या एका डिटेलिंगच्या दुकानात गाडी नेली. तिथल्या दादांनी बोनेटच्या एका कोपऱ्यावर अल्कोहोल फवारून मायक्रोफायबरने पुसलं आणि टॉर्च धरली. पुसलेल्या चौकोनात सगळे ओरखडे लख्ख दिसत होते, बाहेर थोडे धूसर. “ताई, यावर कोटिंग कधी झालेलंच नाही. ग्लेझ मारलाय, तोही संपत आलाय.” नंतर त्यांनी रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी असते. छपरावर आणि दरवाजांवर आकडे ठीक आले. बोनेटच्या उजव्या धारेवर यंत्र टेकवलं तर आकडा एकदम खाली. तिथे बोटभर लांबीची फिकट, निस्तेज रेघ आहे. मला ती धुताना दिसली होती, मी तिला डाग समजत होते. डाग नव्हे, तिथली क्लिअर कोट उडाली आहे.

क्लिअर कोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. तो साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो, आणि ऊन-पावसापासून खालचा रंग तोच सांभाळतो. प्रत्येक मशीन पॉलिश त्यातलं थोडं खाऊन जातं. म्हणूनच पॉलिश कमीत कमी वेळा आणि जाणत्या माणसाकडूनच करून घ्यायचं. एकदा तो थर गेला की बोनेट पुन्हा रंगवणं हाच मार्ग उरतो, आणि तो खर्च माझ्या बाबतीत कोटिंगच्या पैशांइतकाच सांगितला आहे.

‘९ एच’ बद्दलही सांगते, कारण स्टॉलवर हा शब्द सारखा कानावर पडतो. “मॅडम, हिऱ्याच्या खालोखाल कडक.” नाही. ती पेन्सिलच्या कडकपणाची मोजणी आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली कोटिंगवर ठरावीक दाबाने ओढून बघतात, त्यातली सर्वांत कडक पेन्सिल ९ एच. खनिजांच्या मोजपट्टीवर हिरा १० वर असतो, त्या मोजपट्टीशी याचा काही संबंध नाही. ९ एच कोटिंगवरसुद्धा वाळूचं फडकं फिरवलं तर ओरखडा पडतोच. तसंच ‘टेफ्लॉन कोटिंग’. तव्यावर टेफ्लॉन बसवायला ३०० अंशांच्या वरची भट्टी लागते. पार्किंगमध्ये फडक्याने पुसलेलं टेफ्लॉन तसं कसं बसेल?

सिलिका असलेले फवाऱ्याचे सीलंट (रंगावर तात्पुरता संरक्षक थर देणारे द्रव) बाजारात मिळतात, ते काही महिने टिकतात आणि घरी लावायला उत्तम आहेत. सीलंट म्हणूनच आणि सीलंटच्याच किमतीत विकले तर त्यात काही गैर नाही. फसवणूक ही, की काही शे रुपयांचा फवारा तीन वर्षांच्या वॉरंटीचं कोटिंग म्हणून विकला. आणि ज्यांची गाडी नवी आहे, त्यांना तर घरच्या धुण्यातच बहुतेक सगळं मिळतं: आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवायची, मग दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक गाडी धुवायचा हातमोजा खंगाळायची, वरून खाली धुवायचं, चाकांचं कापड वेगळं, सावलीत, आणि टँकरचं पाणी अंगावर वाळू न देता मोठ्या मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं. भांड्यांचा साबण नको, तो मेण-सीलंट उतरवतो.

तरी कोटिंग करायचंच असेल तर दुकानात जाऊन करा. सीलबंद बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. काम सुरू करण्याआधी आणि झाल्यावर जाडीचे आकडे लिहून मागा. अल्कोहोलने पुसल्यावर, म्हणजे कोटिंग लावण्याआधी, गाडी टॉर्चखाली बघू द्या म्हणा. ओरखडे खरोखर निघालेत की बुजवलेत ते त्याच वेळी कळतं, आणि प्रामाणिक माणूस ते आनंदाने दाखवतो. वॉरंटी कंपनीकडे गाडीच्या नंबरवर नोंदली जाते का, हे कंपनीलाच विचारा, कार्ड देणाऱ्याला नव्हे.

आता तक्रारीचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे नोंद केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अडचण एकच, समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर आम्ही गेलो तर तिथे झेरॉक्सचं दुकान निघालं. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून पोलीस ठाण्यात फसवणुकीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, अर्ज दिला आहे. सध्या आमच्या हातात भक्कम धागा एकच आहे: पैसे ज्या बँक खात्यात गेले ते खातं. तुमच्या सोसायटीतही असा स्टॉल लागून गेला असेल, तर यूपीआयच्या पावतीवरचा १२ अंकी क्रमांक, क्यूआर कोडवरचं नाव आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा, आणि तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात स्वतंत्र अर्ज द्या. गाडी लगेच दुसरीकडे पॉलिश करून घेऊ नका. आधी उन्हात आणि टॉर्चखाली फोटो काढा, जाडीचे आकडे दुकानाच्या लेटरहेडवर लिहून घ्या. एकदा नवं पॉलिश झालं की आधीचं नुकसान कोणी केलं, हे दाखवता येणार नाही.