गव्हाला युरियाची गोणी की नॅनो युरियाची बाटली?

गव्हाला युरिया खताचा दुसरा हप्ता गोणीचा द्यावा की नॅनो युरियाच्या, म्हणजे पानांवर फवारायच्या अतिसूक्ष्म कणांच्या द्रवरूप युरियाच्या बाटलीचा, असं धाकटा मामेभाऊ विचारत होता. जाहिरात बाजूला ठेवून आधी नत्र (नायट्रोजन) मोजू.

४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे जवळपास २०.७ किलो नत्र. इफको या सहकारी खत संस्थेच्या २०२१ मधल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे फक्त २० ग्रॅम! नंतर आलेल्या २० टक्केवाल्या बाटलीत १०० ग्रॅम. कण कितीही बारीक असले, पानातून कितीही चांगले शिरले, तरी पिकाची किलोंची भूक ग्रॅमवर कशी भागणार? लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने शिफारशीपेक्षा नत्र कमी करून नॅनोच्या फवारण्या दिल्या, तेव्हा गव्हाचं उत्पादन २१.६ टक्क्यांनी आणि भाताचं १३ टक्क्यांनी घटलं.

खर्चाचं म्हणाल तर अनुदानामुळे गोणी साधारण २६६ रुपयांना पडते. बाटलीची किंमत तिच्या आसपासच, वर फवारणीची मजुरी.

गोणीचं दुखणं म्हणजे वाया जाणं. ओल नसताना फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो, पाणी जास्त झालं की निचऱ्याबरोबर जातो. बाटलीत हा धोका कमी, आणि ती पिशवीत टाकून नेता येते.

म्हणून पेरणीनंतर २१ दिवसांच्या पाण्याबरोबरचा हा दुसरा हप्ता गोणीचाच द्यावा. तो पूर्ण देऊन झाल्यावर पीक पिवळसर दिसत असेल आणि कीटकनाशकासाठी पंप पाठीवर घ्यायचाच असेल, तर जोड म्हणून बाटली चालेल. आधी मिश्रण थोड्या पाण्यात करून पाहावं. हलक्या जमिनीत गोणीचे दोनऐवजी तीन हप्ते पाडलेले बरे.