फायरफॉक्सचे बुकमार्क नव्या संगणकावर नेताना

विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली आणि अनेक घरांत संगणक बदलण्याचा विषय निघाला. छायाचित्रे व कागदपत्रे पेनड्राइव्हवर घ्यायची हे सर्वांच्या लक्षात राहते. ब्राउझरमध्ये वर्षानुवर्षे साठत गेलेल्या बुकमार्कांची, म्हणजे जपून ठेवलेल्या वेबपानांच्या दुव्यांची, आठवण मात्र बहुधा जुना संगणक विकून झाल्यावर येते. फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी या कामाची साधने ब्राउझरमध्येच आहेत आणि ती भरवशाची आहेत. तक्रार करायची झाली तर त्यांच्या मांडणीबद्दल करावी लागेल.

कंट्रोल, शिफ्ट आणि ओ या कळा एकत्र दाबल्या की फायरफॉक्सची ‘लायब्ररी’ उघडते आणि तेथील ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’ या मेन्यूत सर्व पर्याय दिसतात. माझ्या मते बहुतेकांनी त्यातला ‘एक्सपोर्ट बुकमार्क्स टू एचटीएमएल’ हाच पर्याय निवडावा. यातून तयार होणाऱ्या फाइलची रचना नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातली असून तिच्या पहिल्या ओळीत आजही नेटस्केपचेच नाव असते. क्रोम, एज आणि सफारी या तिघांनाही ती वाचता येते, त्यामुळे नव्या संगणकावर फायरफॉक्सच वापरला पाहिजे असे बंधन राहत नाही. फोल्डरांची उतरंड जशीच्या तशी येते आणि फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींसाठीच्या सामाईक अक्षर-संकेतात, असल्यामुळे ‘पाककृती’, ‘सातबारा’ अशी देवनागरीत दिलेली फोल्डरांची नावेही बिघडत नाहीत. आणखी एक गुण सहसा कोणी सांगत नाही, तो असा की ही फाइल म्हणजे स्वतःच एक वेबपान आहे. इम्पोर्ट काही कारणाने फसले तरी कोणत्याही ब्राउझरमध्ये ती उघडून प्रत्येक दुव्यावर क्लिक करता येते. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की ती कूटबद्ध नसते, म्हणजे कोणालाही वाचता येते, त्यामुळे सायबर कॅफेतल्या किंवा कार्यालयातल्या सामायिक संगणकावर ती तशीच सोडून येऊ नये.

याच मेन्यूत ‘बॅकअप’ आणि ‘रिस्टोअर’ ही जोडीही आहे आणि घोळ होण्याची शक्यता येथेच सर्वाधिक आहे. बॅकअपमधून जेसन (JSON) या माहिती साठवण्याच्या स्वरूपाची फाइल मिळते. तिच्यात टॅग (बुकमार्कांना दिलेली लेबले), कीवर्ड (बुकमार्क उघडण्यासाठीचे लघुशब्द) आणि तारखा यांचा पूर्ण तपशील राहतो, पण ती फायरफॉक्ससाठीच असते. एचटीएमएल फाइल इम्पोर्ट केली की जुने बुकमार्क नव्या संगणकावरील बुकमार्कांत मिळवले जातात, तर रिस्टोअर केल्यावर तेथील सर्व बुकमार्क पुसून त्यांच्या जागी बॅकअपमधले येतात. नव्या संगणकावर आठवडाभर काम करून चार नव्या गोष्टी जपून ठेवलेल्या माणसाला हा फरक महागात पडू शकतो. फायरफॉक्स रिस्टोअरपूर्वी सूचना देतो हे खरे, पण परिणाम इतके वेगळे असणारे दोन पर्याय एकाच छोट्या मेन्यूत ठेवल्यावर त्या सूचनेवर सगळी भिस्त टाकणे मला पटत नाही. उलट बाजूने, एकच एचटीएमएल फाइल दोनदा इम्पोर्ट केली तर प्रत्येक दुवा दोनदा दिसू लागतो आणि ती सफाई हाताने करावी लागते.

तिसरा मार्ग सिंकचा, म्हणजे इंटरनेटवरून उपकरणांतली माहिती सारखी ठेवण्याचा. मोझिला या फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेचे खाते उघडून दोन्ही संगणकांवर त्यातून साइन-इन केले की बुकमार्क आपोआप एकत्र होतात, आणि फोनवरही फायरफॉक्स असेल तर ही सोय निःसंशय उत्तम आहे. माहिती आपल्या उपकरणावरच कूटबद्ध होऊन सर्व्हरवर जाते, म्हणजे मोझिलालाही ती वाचता येत नाही. याच कारणामुळे पासवर्ड विसरला, रिकव्हरी की (माहिती परत मिळवण्यासाठी आधीच काढून ठेवायचा संकेत) जवळ नसली आणि साइन-इन असलेले एकही उपकरण उरले नसले, तर सर्व्हरवरचा साठा परत मिळत नाही. शिवाय एका संगणकावर पुसलेला बुकमार्क सिंकमुळे दुसऱ्यावरूनही जातो, त्यामुळे सिंकला बॅकअप समजणे चूक ठरेल. जुना संगणक देऊन टाकण्यापूर्वी एचटीएमएल फाइल वेगळी काढून ठेवावीच.

जुना संगणक सुरूच होत नसेल, पण त्याची डिस्क शाबूत असेल, तर फायरफॉक्सची खरी किंमत कळते. तो बुकमार्कांच्या प्रती अधूनमधून स्वतःहून काढत असतो आणि मूळ सेटिंगनुसार अशा १५ प्रती राखतो. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, लपवलेले फोल्डर दिसतील असे करून, ॲपडेटामधील रोमिंग, मोझिला, फायरफॉक्स आणि प्रोफाइल्स या वाटेने आपल्या प्रोफाइलपर्यंत, म्हणजे फायरफॉक्स आपली माहिती जेथे साठवतो त्या फोल्डरपर्यंत, गेले की ‘बुकमार्कबॅकअप्स’ नावाचे फोल्डर सापडते. तेथील प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि बुकमार्कांची संख्या लिहिलेली असल्यामुळे योग्य प्रत ओळखणे सोपे जाते. नव्या फायरफॉक्समध्ये रिस्टोअरखालील ‘चूज फाइल’मधून ती थेट उघडता येते, मात्र त्याआधी नव्या संगणकावर जमलेले बुकमार्क एचटीएमएलमध्ये काढून ठेवावेत आणि रिस्टोअर झाल्यावर इम्पोर्ट करून परत मिळवावेत.