ज्युडोच्या पोरांसाठी हाय इंटेन्सिटी ट्रेनिंग: सात-आठ महिने वापरून (आणि त्या रबराबद्दल थोडं जास्तच)

तुटला एकदाचा तो उचिकोमी बँड (उचिकोमी म्हणजे पूर्ण न फेकता फेकीत शिरायचा परत परत सराव, त्यासाठी ओढायचा हा रबरी पट्टा). साडेआठशेचा! हँडलजवळची शिलाई उसवली आणि पोरगी ओढता ओढता मागे आपटली, खाली गादी होती म्हणून निभावलं. क्लासवाले म्हणे वापराने झीज झाली, बदलून मिळणार नाही. अरे भो, ओढायलाच दिलाय ना तो, का देव्हाऱ्यात ठेवायला?

असो, आधी ट्रेनिंगचं सांगतो. आम्ही भुसावळचे, पोरगी बारा वर्षांची, ज्युडो आधीपासून चालूच होतं, पावसाळ्यापासून आठवड्यातून दोनदा हा तास वाढवला, फी अर्थात वेगळी. त्यात तबाता घेतात, म्हणजे २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद दम, असे ८ राउंड, ४ मिनिटांत खेळ खल्लास. मला पहिले वाटलं चार मिनिटांचे एवढे पैसे? त्यात जपानी संशोधक इझुमी तबातांचा १९९६ चा प्रयोग सायकलवर आणि कॉलेजच्या तरुण पोरांवर झालेला, लेकरांना तो तसाच कशाला, असं सरांना विचारलंच. सर म्हणाले लहान्यांना चारच राउंड, बर्पी (खाली जाऊन परत उठून उडी) कमी, उचिकोमी जास्त, आणि पाठ वाकडी व्हायला लागली की घड्याळ गेलं खड्ड्यात, थांबवायचं. हे पटलं, कारण दमलेल्या पोराला वाकड्या पाठीने सेओई नागे (खांद्यावरून फेक) मारायची सवय लागली की नंतर ती मोडता मोडत नाही.

फरक पडला का? पडला. क्लासमध्ये ज्युडोची एक दमाची टेस्ट घेतात, दोन पोरं ६ मीटरवर उभी, मधल्याने पळत जाऊन आलटून पालटून इप्पोन सेओई नागे (एका हाताच्या पकडीची तीच फेक), १५, ३० आणि ३० सेकंद, मध्ये दहा-दहा सेकंद थांबायचं. संपल्या संपल्या नाडी मोजायची, मिनिटाने परत, दोन्हींची बेरीज भागिले एकूण थ्रो. आकडा जेवढा कमी तेवढं बरं. आमचा १७.७ चा १५ च्या खाली आला. मोठ्यांच्या तक्त्याशी मात्र जुळवत बसू नका, पोरांची नाडी तशीही जोरात पळते, तिची तिच्याशीच तुलना करा. रांदोरीत (सरावाच्या मोकळ्या लढतीत) शेवटच्या मिनिटाला पकड सुटायची ती आता टिकते, मला तेवढं बस्स.

पण मार्चपासून माझं मत जरा फिरलंय. पत्र्याचा हॉल, अंगात जाड गी (ज्युडोचा पोशाख), संध्याकाळी पाचला आपल्याकडचं ऊन, पोरांना घामही मोठ्यांएवढा येत नाही म्हणजे अंग थंड व्हायला वेळ लागतो. पोरगी घरी आली ती लालबुंद, जेवण नको म्हणे, वांग्याचं भरीत असूनही! चार-पाच पालकांनी मिळून भांडलो तेव्हा कुठे बॅच सकाळी सहाची झाली आणि उन्हाळ्यापुरती गीऐवजी टी-शर्ट चालेल म्हणाले. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळची बॅच कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

फी पुढच्या तीन महिन्यांची भरली. बँड मात्र परत घेणार नाही म्हणजे नाही! पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणली, वीस रुपये, तेही तो नको म्हणत होता. हवा भरायचा व्हॉल्व्ह असलेला तुकडा कापून टाकला (हाताला लागतो), खिडकीच्या गजाला मधोमध गाठ मारली, दोन्ही टोकं हातात. ताण त्या बँडपेक्षा जास्तच आहे. हाताला काळं लागतं म्हणून पोरगी कुरकुरते, तर टोकांना जुने मोजे चढवून दिलेत. फक्त दर आठवड्याला ओढून चिरा बघायच्या, आणि पोराचं तोंड गजाकडे असताना मागे काही टोकदार ठेवायचं नाही.