फिजीचा ‘थ्रीडी ऑब्जेक्ट्स काउंटर’: रक्षक पेशीत चोख, पानाच्या पोटात गोंधळ

परभणी-नांदेडकडं कापसावर काम करणाऱ्यांना देशी (२६ गुणसूत्रं) आणि अमेरिकन (५२) वाणांची किंवा कोल्चिसिन (गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन) दिलेल्या रोपांची पहिली चाळणी लावावी लागते. त्यासाठी पर्णरंध्राच्या रक्षक पेशीतली हरितलवकं मोजतात, कारण गुणसूत्रांचे संच वाढले की त्यांची संख्याही सहसा वाढते. रंग लावायची गरज नाही, क्लोरोफिल स्वतःच लाल चमकतं. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाचा स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवर घेतलेल्या चित्रांचा, म्हणजे स्लाइसचा, गठ्ठा) हाताशी असेल तर मोजणीला फिजी हे चित्रं तपासायचं सॉफ्टवेअर पुरतं. फुकट आहे, झिप उघडली की चालू. फक्त ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकू नका, अपडेट अडतात.

हाताने मोजताना दोन चुका ठरलेल्या. ०.५ मायक्रॉनच्या अंतरानं स्लाइस घेतल्या तर अडीच मायक्रॉन जाडीचं एकच लवक पाच स्लाइसमध्ये दिसतं आणि पाचदा मोजलं जातं. मॅक्स प्रोजेक्शन केलं, म्हणजे सगळ्या स्लाइस दाबून एकच सपाट चित्र केलं, तर एकाखाली एक असलेली दोन लवकं एक होऊन बसतात. फिजीतला ‘थ्रीडी ऑब्जेक्ट्स काउंटर’ शेजारच्या स्लाइसमधले ठिपके जोडूनच मोजतो, म्हणून दोन्ही टळतात.

मूळ फाइल बायो-फॉरमॅट्सनं (सूक्ष्मदर्शकाच्या फाइल वाचणारं प्लगइन) उघडा. चॅनल वेगळे करा, ‘प्रॉपर्टीज’मध्ये व्हॉक्सेलची (स्टॅकमधल्या त्रिमित ठिपक्याची) खोली तपासा. ती चुकली तर आकडा तोच येईल, आकारमान मात्र खोटं. मग ‘गॉशियन ब्लर थ्रीडी’ १ सिग्मा, आणि काउंटर. चित्र ८ किंवा १६ बिटचंच लागतं. ०.२ × ०.२ × ०.५ मायक्रॉनच्या व्हॉक्सेलमध्ये ५ मायक्रॉन रुंद लवक साधारण दीड हजार व्हॉक्सेलचं भरतं, तेव्हा किमान आकार ३०० ठेवा. मुळात ठेवलेला किमान आकार इतका लहान असतो की नुसता कचराही मोजला जातो.

थ्रेशोल्ड, म्हणजे लवक म्हणून धरायच्या चमकेची किमान पातळी, हीच खरी नाडी. थोडा खाली गेला की शेजारची लवकं चिकटून एक होतात, वर गेला की खोलवरची फिकी लवकं गायब. एकदा ठरवला की सगळ्या स्टॅकला तोच ठेवा.

पानाच्या आतल्या खांबासारख्या पेशींत लवकं भिंतीला दाटीनं लागून असतात. तिथं हा काउंटर पडतो, कारण चिकटलेलं वेगळं करायची सोयच त्यात नाही. फिजीचा नेहमीचा वॉटरशेड (चिकटलेल्या वस्तू कापायची पद्धत) एकेक स्लाइस वेगळी कापतो, त्याचा उपयोग नाही. ‘आयजेपीबी-प्लगइन्स’ ही अपडेट साइट जोडून मॉर्फोलिबजे हे प्लगइन घ्या. थ्रेशोल्डच्या आधी स्टॅक झेडमध्ये (खोलीच्या दिशेनं) अडीचपट ताणा (किमान आकारही अडीचपट), मग त्रिमित डिस्टन्स ट्रान्सफॉर्म वॉटरशेड चालवा. ‘डायनॅमिक’ (किती सहज तुकडे पाडायचे ते ठरवणारा आकडा) फार कमी ठेवलं तर एका लवकाचे तीन तुकडे होतात.

१०२४ × १०२४ च्या ४० स्लाइस म्हणजे १६ बिटला एका चॅनलचे ८० एमबी, ८ जीबीच्या लॅपटॉपवर निभतं. निकालाचा तक्ता आपोआप जतन होत नाही. डेस्कटॉपवर काम असेल तर लाइट जायच्या आत प्रत्येक स्टॅकनंतर सीएसव्ही काढा. ‘ऑब्जेक्ट्स मॅप’ (काउंटरनं मोजलेल्या लवकांचं चित्र) मूळ चित्रावर ठेवून निदान पाच स्टॅक डोळ्यांनी पडताळा. रक्षक पेशीत फरक एखाद्या लवकाचा निघाला तर चालेल, त्याहून जास्त आला तर थ्रेशोल्डकडं परत जा.