शस्त्रक्रियेचा निरोप: एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप की फोन?

केज-धारूरकडच्या रुग्णाला हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचे, तर तारीख मिळाल्यापासून टाके निघेपर्यंत त्याच्याशी संपर्क टिकवणे हेच अर्धे काम असते. ते अंगावर घेणाऱ्या गटाने साधन निवडण्याआधी फोन नक्की कोणाच्या हातात असतो, हे विचारून घ्यावे. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार कारखान्यांकडे निघतात. नोंदवलेला क्रमांक मुलाचा असेल, तर निरोप फडात आणि म्हातारा गावात, अशी गत होते.

एसएमएस साध्या फोनवरही पोहोचतो, त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र देवनागरीत एका संदेशात 70च अक्षरे मावतात, त्यांत काना-मात्राही वेगळे मोजले जातात. शिवाय एकगठ्ठा संदेशांसाठी दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याची ओळख आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. ‘उद्या स. 8 वा. उपाशीपोटी यावे. आधार व रेशन कार्ड आणावे.’ एवढे त्यात बसते. उपाशीपोटी म्हणजे दुधाचा चहासुद्धा नाही, हे बसत नाही. आणि पहाटेची एसटी धरण्यापूर्वी घोटभर चहा घेतलेल्या माणसाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाऊ शकते.

चहाचे हे फोनवरच समजावता येते. आदल्या संध्याकाळी ओळखीच्या आशाताईंनी फोन करून “काका, उद्या काय करायचं, मला परत सांगा बरं,” असे विचारले, की गैरसमज तिथल्या तिथे कळतो. यात वेळ जातो, हे खरे. ध्वनिमुद्रित कॉल स्वस्त पडतो, पण त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप मी टाळायलाच सांगेन, कारण कोणाचे कसले ऑपरेशन आहे हे त्यात सगळ्यांना कळते. ब्रॉडकास्टही आपला क्रमांक जतन केलेल्यांनाच मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपचा खरा उपयोग रुग्ण घरी गेल्यावर आहे: जखमेचा दिवसाउजेडी काढलेला फोटो पाहून लाली, सूज किंवा पू आहे का, याचा डॉक्टरांना अंदाज येतो. ताप आणि दुर्गंधी फोटोत दिसत नाहीत, म्हणून सोबत दोन प्रश्न विचारावेच लागतात; आणि फोटो रोज कोण पाहणार, हे ठरलेले नसेल तर ते मागवू नयेत.

रुग्णालयापर्यंतच्या प्रवासभाड्याची अडचण यांपैकी कशानेच सुटत नाही. टांझानियातील सीसीबीआरटी रुग्णालयाने फिस्टुलाच्या (अडलेल्या बाळंतपणातल्या इजेने लघवी झिरपत राहण्याच्या) रुग्ण महिलांसाठी प्रवासखर्चच मोबाइलवरून पाठवला होता.

गटात एकच माणूस मोकळा असेल, तर त्याने आदल्या दिवशीचे फोन करावेत, तारखेचा एसएमएस आठवडाभर आधी पाठवावा आणि दुसरा क्रमांक शेजाऱ्याचा लिहून घ्यावा.