जहाजाच्या प्रतिकृतीचे दोर: सुती की पॉलिएस्टर?

पाठ्यपुस्तकी उत्तर काहीही असो, गोव्यात निकाल पावसाळाच लावतो. सुती दोरा दमट हवेतला ओलावा पितो आणि आकसतो. हवा कोरडी झाली की तोच ढिला पडतो. मे महिन्यात छान ताणून बांधलेला दोर जुलैत बारीक डोलकाठीला बाक आणू शकतो. पॉलिएस्टर ओलावा जवळजवळ घेतच नाही, म्हणून डोलकाठी धरून ठेवणारे पक्के दोर मी बिनदिक्कत काळ्या पॉलिएस्टरचे करतो.

पण त्याची चकाकी खटकते. गाठ सुटते, ती बसवायला सुपरग्लूचा थेंब लागतो. साधा फेविकॉल तिथे फारसा चालत नाही. सुतीला मात्र गोंद पचतो, चहाच्या पाण्यात बुडवला तर जुन्या दोराचा रंग येतो. फक्त आधी मधमाश्यांच्या मेणावरून ओढून घ्यावा, नाहीतर त्याची लव डोळ्यांत भरते. शीड वरखाली करणारे दोर थोडे सैल असले तरी बिघडत नाही, तिथे सुतीच.

गोव्यात बांधलेल्या, २०२५ मध्ये नौदलात आलेल्या ‘कौंडिण्य’ या शिडाच्या नौकेच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. तिची प्रतिकृती करणाऱ्याने चकचकीत दोऱ्याच्या वाटेला जाऊच नये.

जाडी मोजूनच घ्या: १:७५ प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरचा दोरा म्हणजे खऱ्या जहाजावर पावणेचार सेंटिमीटरचा दोर. शिडांचंही तसंच. या प्रमाणात मलमलसुद्धा गोणपाटासारखी दिसते, त्यापेक्षा पातळ टिश्यू कागद बरा.